परसातील पाणी : उत्तर कोकणातील काही शब्द आणि काही वस्तू

घरामागील मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने लहानसे तळे खोदावे, त्यात कमळ लावावे, विजेच्या पंपावर चालणारे कारंजे बसवावे, शेजारी बसावयास मांडव घालावा, ह्या प्रकारच्या उद्योगाकडे नागर कुटुंबांचे लक्ष अलीकडे पुष्कळच वळलेले आहे. हा छंद नवा आणि परदेशातून आलेला, असे सामान्यतः मानले जाते. पंप, प्लास्टिकचे अस्तर, तयार टाक्या हे साहित्य नवे आहे ह्यात संशय नाही. परंतु घराच्या आवारात पाणी आणणे, ते साठविणे आणि हव्या त्या दिशेने वळविणे, ह्या कामाचा इतिहास उत्तर कोकणात सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. त्याची नोंद मात्र विखुरलेली आहे. राजाने बांधलेल्या तलावाला शिलालेख मिळतो. परसातील केळीच्या आळ्याला तो मिळत नाही. अशा ठिकाणी भाषेचा पुरावा उपयोगी पडतो. तथापि तो वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शब्द आणि वस्तू ह्यांचे आयुष्य सारखे नसते. कोठे वस्तू टिकते व शब्द नाहीसा होतो, तर कोठे शब्द राहतो आणि वस्तू जाते. ह्या दोन्ही अवस्थांचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

ह्या परीक्षणासाठी पनवेल तालुक्यातील नावडे हे गाव डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे आहे. दिवा–पनवेल लोहमार्गावर 'नावडे रोड' ह्या नावाचे स्थानक आहे. एका बाजूस तळोजे औद्योगिक वसाहत, जवळून वाहणारी कासाडी नदी आणि पुढे पनवेलच्या खाडीचा खारा मुलूख. हा प्रदेश आगरी समाजाच्या वस्तीचा. 'आगरी' हे नाव 'आगर' ह्या शब्दावरून आले, आणि 'आगर' हा संस्कृत 'आकर' ह्या शब्दाचा वंशज आहे. कोकणात आगर म्हणजे मिठागर आणि आगर म्हणजे नारळी-पोफळीची बागही. अर्थाचा हा दुपेडीपणा प्रथमदर्शनी विसंगत वाटतो. पण दोन्ही ठिकाणचे काम पाहिले असता विसंगती उरत नाही. मिठागरात भरतीचे पाणी बांध घालून कप्प्यांत अडवावयाचे, बागेत विहिरीचे पाणी पाटाने झाडापाशी न्यावयाचे. पाणी हाताने वळविण्याचे कौशल्य दोहोंस समान आहे. जेथे बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने साठवणीवर काढावे लागतात, तेथे असे कौशल्य घरोघर असणे क्रमप्राप्तच होते.

ह्या कौशल्याचा सर्वांत जुना ठळक पुरावा खाडीपलीकडे, साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत आहे. इसवी सनाच्या पूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे अनेक शतके येथे शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. विहारांच्या प्रांगणापाशी खडकात टाकी आहेत, आणि डोंगराच्या उतारावर पडणारे पावसाचे पाणी त्यांत यावे म्हणून खडकात पन्हळी कोरलेल्या आहेत. म्हणजे पाण्याची व्यवस्था एका विस्तीर्ण सामाईक तलावाची नसून निवासानिवासाची, अंगणापाशीची आहे. तेथील प्राकृत दानलेखांत ह्या टाक्यांना 'पोढि' असा शब्द आला आहे. 'पानिय-पोढि' असाही प्रयोग आढळतो. जुन्नरच्या लेखांतही तो येतो. आज मराठीत हा शब्द कोणी उच्चारीत नाही. त्याच्या जागी 'टाके' हा शब्द रूढ आहे. टाकी मात्र अजून पाणी धरतात. येथे वस्तू जिवंत आहे व शब्द मृत आहे.

ह्याच्या उलट, शब्द व वस्तू दोन्ही टिकल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'आळे'. झाडाच्या मुळाशी पाणी राहावे म्हणून केलेला मातीचा गोल कठडा तो आळे. ह्याचे मूळ संस्कृत 'आलवाल' होय. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमातील झाडांची आलवाले भरण्याचे काम शकुंतलेकडे आहे, हे सर्वांस परिचित आहे. अमरकोशात हा शब्द कोठे घातला आहे, ह्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. झाडे व वनस्पती ह्यांच्या वर्गात तो नाही. तो वारिवर्गात आहे. विहीर, वापी, तडाग ह्यांच्या पाठोपाठ येतो आणि त्याच ओळीत पुढे नदीची नावे सुरू होतात. कोशकाराच्या दृष्टीने झाडाखालचे वीतभर पाणी हाही एक जलाशयच होता. परसातील पाण्याचे प्राचीन शास्त्र ह्या एका स्थाननिश्चितीत सामावलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आळ्यापर्यंत पाणी पोचविणारी जी साखळी आहे, तिचे बहुतेक दुवे असेच जुन्या वंशाचे आहेत. 'रहाट' हा 'अरघट्ट' ह्यापासून प्राकृत 'अरहट्ट' ह्या मार्गाने आला. 'डोण' किंवा 'दोण' ही 'द्रोणी' होय. 'पन्हळ' ही 'प्रणाल' ह्यापासून निघाली. रहाटाच्या मातीच्या गाडग्यांतून पाणी डोणीत पडावे, डोणीतून पन्हळीने पाटात यावे, पाटातून वाफ्यात व आळ्यात जावे, अशी ही परंपरा. येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. 'जगरहाटी' ह्यातील 'रहाटी' रहाटावरूनच आली असे मानण्याचा मोह होतो. पण जुन्या मराठीत 'राहाटणे' हे क्रियापद 'वागणे' ह्या अर्थी आढळते, तेव्हा तो मोह आवरलेला बरा. 'रहाटगाडगे' हा मात्र निःसंशय पाण्याच्या यंत्रावरून संसाराला लागलेला शब्द आहे.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी असतात. पाट एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्याकडे वळविण्यास घाटावर 'दारे धरणे' म्हणतात. मातीचा एक लहान बांध फोडावयाचा, दुसरा घालावयाचा, एवढेच हे काम. परंतु पाण्याचा स्वभाव जाणल्याखेरीज ते साधत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त आहे. शके १२१२ मधील श्रोत्यांना तो समजावून सांगावा लागला नसणार, कारण ते काम त्यांच्या नित्याच्या पाहण्यातले होते. आजच्या विद्यार्थ्यास त्यावर टीप लागते. दृष्टान्ताची वस्तू डोळ्यांआड झाली म्हणजे काव्याचाही काही भाग डोळ्यांआड होतो.

आता शोभेच्या पाण्याचे शब्द पाहू. 'हौद' हा अरबी आहे. 'कारंजे' ह्याचा जोडीदार 'कारंजी' कन्नडात आहे. हिंदीतील 'फव्वारा' ह्याशी त्याचा काही संबंध नाही. ह्यावरून काम करणाऱ्या पाण्याचे शब्द घरचे आणि मिरविणाऱ्या पाण्याचे बाहेरचे, असा निष्कर्ष काढावासा वाटेल. तो अर्धवट आहे. शब्द उसना आला म्हणून वस्तूही उसनी आली असे ठरत नाही. हौद हा शब्द येण्यापूर्वी कुंड, पुष्करिणी, टाके ही होतीच. शिवाय मिरविणारे पाणी आणि राबणारे पाणी अगदी विलग नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले, ते केवळ उताराच्या बळावर. वाटेत कोंडलेली हवा सुटावी म्हणून बांधलेल्या खांबांना 'उसासे' असे सुंदर नाव मिळाले. हा 'उच्छ्वास' ह्याचाच तद्भव. ह्या पाण्यावर शहरातील हौद भरत. शनिवारवाड्यातील कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे प्रसिद्ध आहे. अशा कारंज्यास पंप नसे. पाण्याचा साठा उंचावर असल्यामुळे धारा उडत.

कोकणातील घरगुती जलाशयाचा आणखी एक प्रकार वसईत आहे. त्यास 'बावखल' म्हणतात. वाडीत खोदलेले हे उथळ तळे पावसाचे पाणी धरते, ते जमिनीत मुरवते आणि खाडीजवळच्या प्रदेशात गोड्या पाण्याचा आधार देते. त्यावर रहाट चालत आणि केळी, पानवेली, फुलझाडे शिंपली जात. नावाच्या पूर्वार्धातील 'बाव' हा 'वापी' ह्याचा वंशज. दक्षिण कोकणात विहिरीस अजून 'बाव' म्हणतात. पंप आल्यावर रहाट गेला. रहाट गेल्यावर बावखल निरुपयोगी दिसू लागले, आणि जमिनीस भाव आल्यावर अनेक बावखले बुजविली गेली. वस्तू कशी मरते ह्याचा हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिच्याभोवतीचे काम आधी जाते. वस्तू नंतर जाते.

परंतु जुन्या परसाचे केवळ गुणगान करणे इतिहासाला धरून होणार नाही. 'परसाकडे जाणे' ह्या वाक्प्रचाराचा अर्थ काय आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको. विहीर आणि शौचाची जागा एकाच आवारात असणे आरोग्यास विघातक होते. मुंबईतील हिवतापाच्या कारणांविषयी डॉ. बेंटली ह्यांनी १९११ साली अहवाल दिला, त्यात घरोघरच्या विहिरी हे डासांच्या उत्पत्तीचे प्रमुख स्थान म्हणून दाखविले गेले. विहिरी बुजविणे किंवा घट्ट झाकणे हा उपाय पुढे आला, तेव्हा विहिरीच्या पाण्यास धार्मिक महत्त्व देणाऱ्या पारशी व अन्य नागरिकांनी त्यास विरोध केला. आज कुंडीत कमळ लावणाऱ्याने गप्पी मासे सोडावेत असे सांगितले जाते, त्यामागे हाच अनुभव आहे.

दुसरा दोष ह्याहून खोल आहे. ज्यास परस होता, त्यास पाणी होते. ज्यास नव्हता, तो सार्वजनिक पाणवठ्यावर अवलंबून, आणि तेथे जातीचा पहारा. महाड हे नावड्याच्याच जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील, शहर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. त्यानंतर स्पृश्य वादींनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खाजगी मालकीचे आहे, हेच त्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने दिला. सबंध गावाचे पाणी जणू आपल्या परसातले आहे, असा तो दावा होता. परसातील पाण्याचा इतिहास लिहिताना हे प्रकरण वगळता येत नाही. कारण 'आपले पाणी' ह्या शब्दांत 'दुसऱ्याचे नव्हे' हा अर्थ किती सहज शिरतो, ते त्यात दिसते.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आखणीत आल्या. नावडे हा त्या आखणीतील एक 'नोड' झाला. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत त्याचा समावेश झाला. गावठाण आणि उंच इमारती आता शेजारी शेजारी आहेत. पाणी नळाने येते, ही सोय थोडी नव्हे. विहिरीवरून हंडे वाहण्याचा भार बहुतांशी स्त्रियांवर होता, हे विसरता कामा नये. तथापि सदनिकेला अंगण नाही व परसही नाही. 'परसबाग' हा शब्द मात्र टिकून आहे, आणि तो आता गच्चीवरच्या कुंड्यांसही लावला जातो. कान्हेरीच्या पोढीची ही बरोबर उलट अवस्था होय. तेथे शब्द गेला व पाणी राहिले. येथे शब्द राहिला आणि त्याखालची जमीन गेली.

नव्या छंदाचे मोल ह्या इतिहासाच्या प्रकाशात ठरवावयाचे झाल्यास एकच प्रश्न पुरे आहे : हे पाणी पुढे कोठे जाते? पंपावरच्या कारंज्यात तेच पाणी फिरून फिरून वर येते. आपल्या शब्दांनी नोंदविलेल्या व्यवस्थेत ते रहाटातून डोणीस, डोणीतून पाटास, पाटातून आळ्यास जात असे. प्रत्येक शब्द म्हणजे पाणी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची एक जागा होती. कारंज्याचे पाणी बदलताना ते मोरीत न सोडता कुंड्यांच्या आळ्यांत सोडले, पावसाचे पन्हळीतले पाणी पिंपात धरले, तरी ही परंपरा चालू राहिली असे म्हणता येईल.

भाषेच्या अभ्यासकांपुढील काम अधिक निकडीचे आहे. आगरी बोलीतील पाण्याचे, बांधांचे, मिठागरांचे आणि बागेचे शब्द ज्यांनी ते काम स्वतः केले अशा वृद्धांकडून, शक्य तर त्या त्या जागी उभे राहून, टिपून घेतले पाहिजेत. नुसती नामे टिपू नयेत. त्या वस्तूने काय करीत, कोण करीत, व कोणास करू देत नसत, हेही लिहून घ्यावे. पोढि ह्या शब्दाचा अर्थ आपणास कळतो, कारण कोणीतरी तो टाक्याशेजारीच खडकात कोरून ठेवला. परसातील शब्दांना असा खडक लाभलेला नाही.