गुऱ्हाळावर, जानेवारी १८९६

पंचगंगेकाठची थंडी अंगाला झोंबते आणि मागोमाग उकळत्या रसाचा वास येतो. तुम्ही कोल्हापूर संस्थानातल्या एका गुऱ्हाळावर आहात. शाहू महाराजांनी गेल्याच वर्षी, १८९५ मध्ये, शाहूपुरी पेठ वसवली. इथला गूळ तिकडच्या बाजारातच जाणार.

कोणी तरी पुंड्या उसाचं कांडं हातात देतं. सालीला नख लागत नाही. ही अपित्वचा. वर मेणाचा थर, पेशींत सिलिका, म्हणून आतलं पाणी उन्हातही टिकतं. आता साल सोला. आतला रसाळ गर म्हणजे मूल ऊती: पातळ भित्तिकांच्या जिवंत पेशी, त्यांच्या रिक्तिकांत साखर साठलेली.

"पाव्हणं, शेंड्याचं नगं. बुडख्याकडचं खावा," गुळव्या सांगतो. त्याचं खरं आहे. शेंड्यातल्या विभाजी ऊतींच्या पेशी सतत दुभंगत असतात. तिथली साखर वाढीतच खर्ची पडते.

चावताना दातांत दोरे अडकतात. त्यांत जलवाहिन्या आहेत, मुळांचं पाणी वर नेणाऱ्या. त्यांच्या पेशी मेलेल्या, पोकळ, म्हणूनच वाट मोकळी. शेजारच्या रसवाहिन्या जिवंत, पानांत झालेली साखर त्यांनीच कांड्यात आणली. भोवती दृढ ऊतींचं कडं. पुरुषभर उंच ऊस उभा राहतो तो यांच्या जोरावर.

बैल फिरतात, चरक करकरतो. मूल ऊतींच्या पेशी फुटून रस खाली येतो. दोरे फुटत नाहीत, चेपून चिपाडं होऊन पलीकडे पडतात. आधी वाळवलेली चिपाडं जळव्या चुलवाणात सारतो. उसाचे दोरे जळतात आणि वरच्या काहिलीत उसाचाच रस आटतो. मळी काढली जाते, पाक घट्ट होतो. तोडलेले शेंडे, म्हणजे वाढे, बैलांपुढे पडतात.

इथे सूक्ष्मदर्शक नाही, तरी ऊतींची वाटणी चोख झाली आहे: गराचा गूळ, दोऱ्यांचं जळण, शेंड्याची वैरण.

राहिले पेरांवरचे डोळे. त्यांतही विभाजी ऊती आहेत, अजून जाग न आलेल्या. लावणीसाठी राखलेली कांडी बांधावर रचली आहेत. ती चरकात जात नाहीत. जातील तर पुढच्या हंगामात गाळायला ऊसच नसेल.