पेन्शनरांची बंदूक

निवृत्त माणसाच्या हातांना काय काम द्यायचं, हा जगभरच्या बायकांपुढचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो फारसा अवघड नाही. कुणी होमिओपॅथी शिकतो आणि सगळ्या आळीच्या जिभेखाली साबुदाण्याएवढ्या गोळ्या जातात. कुणी गुलाबाची कलमं करतो. कुणी घरातलं चालू घड्याळ उघडतो आणि ते बंद का पडलं याचा पुढची दहा वर्षं शोध घेतो. अमेरिकेतला पेन्शनर मात्र बंदूक करतो. विकत घेत नाही. करतो!

हे ज्ञान मला लेकीमुळे झालं. ती पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर परगण्यात राहते. मुलांकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आईबापांचा दिनक्रम ठरलेला असतो. आई चकल्या करते आणि बाप खिडकीतून बाहेर बघतो. मी खिडकीतून बघत असताना मला शेजारचे गृहस्थ दिसले. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन्ही मोटारी बाहेर बर्फात कुडकुडत उभ्या, आणि गराजमध्ये भट्टी, ऐरण नि कानशींची रांग. लेक त्यांना खुशाल नावानं हाक मारी. सत्तरी ओलांडलेल्या मास्तरांना नावानं हाक मारायला माझी जीभ काही वळेना. मी त्यांना 'सर' म्हणू लागलो आणि ते एकदम खूष झाले.

सर ठासणीची बंदूक करत होते. म्हणजे तोंडाकडून दारू ओतायची, गोळी घालायची आणि गजानं ठासायची ती. कोकणात डुकरं-माकडं हाकायला शेतकऱ्यांकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते, तिची ही अमेरिकन मावशी. मी पहिल्या दिवशी दबक्या आवाजात विचारलं, "पोलीस?" आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बंदूक करायला घेतली, तर उरलेली पेन्शन सरकारी खर्चानं खावी लागेल. सर म्हणाले, त्यांच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यानं अशा जुन्या घाटाच्या ठासणीच्या बंदुकांना नेहमीच्या बंदुकांच्या नियमांतून सूट दिली आहे. मी खुर्ची भट्टीजवळ ओढून बसलो.

या बंदुकीची जन्मभूमीच लँकेस्टरच्या आसपासची. अठराव्या शतकात जर्मन मुलखातून कारागीर तिथे येऊन राहिले. येताना त्यांनी शिकाऱ्यांच्या आखूड, जाड नळीच्या रायफली आणल्या. नव्या देशात जंगल अफाट आणि दारू-शिसं महाग. म्हणून नळी लांबत गेली, तिचं भोक बारीक होत गेलं, आणि साडेतीन फुटी अष्टकोनी नळीची सडपातळ बंदूक तयार झाली. दस्ता मेपलच्या लाकडाचा, त्यावर वाघासारखे पट्टे. गोळी सुमारे तोळ्याची. शिशाचा तोळा म्हणून बरं. नाहीतर आपल्या माणसानं उडवण्याआधी बाजारभाव विचारला असता.

ही नळी करण्याची रीत ऐकून मला घाम फुटला, आणि तो काही भट्टीमुळे नव्हे. लोखंडाची लांब पट्टी लालबुंद करायची, एका सळईभोवती लांबीच्या दिशेनं वळवायची, टाकणखार टाकून कडा एकमेकींना ठोकून जोडायच्या. एका वेळी जेमतेम दोन-तीन इंच. मग पुन्हा भट्टी, पुन्हा घण. साडेतीन फूट झाले की सामत्यानं आतून भोक साफ करायचं. त्यानंतर आटे. नळीच्या आत मळसूत्री चर पाडले की गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ जाते. हे चर पाडायला लाकडाचं एक लांबलचक यंत्र. पुढेमागे ओढायचं, आणि प्रत्येक ओढीला आतलं पातं केसाएवढं लोखंड खरवडून आणतं. पातं कापेनासं झालं की त्याच्याखाली कागदाची चिठ्ठी सरकवून ते किंचित उचलायचं. असे बहुधा सात चर. एका चरासाठी किती खेपा, ते मी मोजू लागलो आणि शंभराच्या आत मला झोप लागली. सरांच्या पत्नी म्हणाल्या, त्या पंचवीसलाच झोपतात.

मग कळ. म्हणजे चाप ओढल्यावर घोडा पडतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादाच्या पानावर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकाच्या दारूवर पडतात, आणि तिचा जाळ नळीच्या कानातून आत शिरून मुख्य बार उडवतो. कधीकधी वाटीतच भपका होतो आणि बार उडतच नाही. इंग्रजांनी या भपक्याची म्हण केली. आपण मराठीत 'फुसका बार' म्हणून मोकळे झालो. आपल्या भाषेत अजून लग्नाचा बार उडतो आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली जाते. बंदुका संग्रहालयात गेल्या, पण त्यांची दारू जिभेवर सांडलेली आहे.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट विसरून चालायची नाही. ही बंदूक नुसती हरणांवर चालली नाही. १७७५च्या जूनमध्ये अमेरिकन काँग्रेसनं सैन्यासाठी पहिल्या दहा तुकड्या उभारायच्या ठरवल्या, त्या या रायफलवाल्यांच्याच. नेम अचूक, पण भरायला वेळ. साधी बंदूकवाला शिपाई मिनिटाला तीन बार काढी, तेव्हा रायफलवाला एक. तिला संगीनही नसे. म्हणजे झाडाआडून बहाद्दर आणि मैदानात पंचाईत. पुढे याच बंदुकी खांद्यावर टाकून गोरे लोक डोंगर ओलांडून पश्चिमेला गेले आणि ज्यांची ती जमीन होती त्यांना आणखी मागे रेटत गेले. डेलावेअर, शॉनी या लोकांनीही रायफली मिळवल्या आणि उत्तम चालवल्या. पण जमीन गेली ती गेलीच. सरांच्या गराजमध्ये हे बोलणं निघालं तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली. म्हणाले, "म्हणून तर मी ती खुंटीवर टांगायला करतोय." आणि कानस पुन्हा उचलली.

सरांचा हट्ट असा, की सगळं स्वतःच्या हातानं. नळी, दस्ता, कळ, पितळी पेटी, एवढंच काय, स्क्रूसुद्धा. "पूर्वजांनी केली तशी!" मी भारावून लँडिस व्हॅलीच्या संग्रहालयात गेलो, थोडीफार पुस्तकं चाळली, आणि मोठी मौज कळली. पूर्वजांनी तशी केलीच नव्हती! निदान बहुतेकांनी नाही. कळ पुष्कळदा इंग्लंडहून तयार आलेली विकत घ्यायचे. नळ्यांसाठी रेडिंगजवळच्या वायोमिसिंग ओढ्यावर पाणचक्क्यांवर चालणारे कारखाने होते. तिथून नळी आणायची. घरी दस्ता कोरायचा, सगळं जुळवायचं, वर नक्षी करायची आणि नाव घालून विकायची. नाझरेथजवळ ख्रिश्चन्स स्प्रिंग इथे तर मोराव्हियन पंथाच्या भाविक मंडळींनी १७६३मध्ये बंदुकांचा कारखाना काढला. शांततेचे उपासक, पण दिवसा कामाच्या वेळी बंदुका. तिथेही उस्ताद, हाताखालचे, उमेदवार अशी वाटणी होती. एकट्यानं आपली भट्टी पेटवून अथपासून इतिपर्यंत बंदूक करणारा तो दंतकथेतला लोहार विरळाच.

ही बातमी मी सरांना हलक्या हातानं दिली. म्हटलं, वाईट वाटेल. ते हसले. म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्यांना पोट होतं. मला पेन्शन आहे."

मी अनेक व्याख्यानं ऐकली आहेत, पण इतिहासाचा एवढा अर्क दोन वाक्यांत कुणी पाजला नव्हता. ज्याला वस्तू विकून जगायचं असतं, तो सोपी वाट शोधतोच. माझ्या आजीनं पाट्यावर पुरण वाटण्यात उभा जन्म घालवला; पण मिक्सर आला त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वरवंटा दाराला टेकण म्हणून लावला. आता तिचीच पणती म्हणते, पाट्यावरच्या चटणीची चव काही औरच! खरं आहे. फक्त ती चव घ्यायला आजीला कधी फुरसत मिळाली नव्हती.

मग हा सगळा खटाटोप पोकळ म्हणायचा का? तेही नाही. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धानंतर मागून काडतूस घालायच्या बंदुका आल्या आणि ठासणीचा धंदा बसला. डोंगरात कुठे कुठे एखादा म्हातारा आटे पाडत राहिला, तेवढाच. विसावं शतक अर्धं सरलं तेव्हा संग्रहालयांत काचेमागे शेकडो बंदुका होत्या, आणि त्या करायच्या कशा हे हातांना ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीत वॉलेस गसलर नावाच्या तरुण कारागिरानं जुन्या हत्यारांनी पट्टीपासून नक्षीपर्यंत अख्खी बंदूक केली. त्यावर १९६९मध्ये एक माहितीपट निघाला, आणि तो बघून कितीतरी गराजांत भट्ट्या पेटल्या. वस्तू काचेत राहते. विद्या मात्र हातातच राहते, आणि एक पिढी हात रिकामे राहिले की संपते. ती कुणीतरी पोटाची चिंता नसताना, बायकोची बोलणी खात, मोटारी बर्फात ठेवून जपावी लागते.

आमच्याकडे तांबट आळीत हंड्यावर ठोके घालणारे हात आता थोडे उरलेत. त्यांच्या मुलांना पोट आहे, त्यांनी ते सोडलं तर त्यांना बोल लावण्याचा कुणाला अधिकार नाही. पण पुण्यात पेन्शनरांचा तुटवडा कधी पडल्याचं ऐकिवात नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांतून थोडी सवड काढून त्यांतल्या दोघाचौघांनी हातोडी धरली, तर शेजाऱ्यांच्या कानांचं काय व्हायचं ते होवो, जिभांना तरी विश्रांती मिळेल.