दुष्काळ, दुःख आणि तुकोबा



घरात मूल रडू लागले की आपण चटकन म्हणतो, "रडू नको." मोठ्या माणसाचे डोळे भरून आले तर म्हणतो, "अरे, पुरुषासारखा पुरुष तू, आणि रडतोस काय?" रागावलेल्याला राग गिळायला सांगतो, भ्यालेल्याला हसतो, आणि लाजेचे तर नावच काढू देत नाही. दुःख, राग, भीती, लाज म्हणजे जणू मनात उगवलेले तण. उपटून बांधावर टाकले की शेत साफ! पण मनाची मशागत इतकी सोपी आहे का? या प्रश्नाचे उत्तर आपण इतिहासात शोधू. सुमारे चारशे वर्षांपूर्वी देहू गावात एका वाण्यावर जे गुदरले, ती हकीकत या बाबतीत फार बोलकी आहे.

इ. स. १६३० साली गुजरात आणि दख्खन या दोन्ही मुलखांत पावसाने दगा दिला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षाच्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघाला होता. वाटेवरची प्रेते आणि ओस पडलेली गावे यांचे त्याने केलेले वर्णन आजही वाचवत नाही. शहाजहान बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने तर मेलेल्यांच्या हाडांचे पीठ धान्याच्या पिठात मिसळून विकले जात होते, अशी नोंद केली आहे. त्यातच दख्खनमध्ये फौजांची धामधूम चालू होती. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून उजाड केले. पुण्याहून देहू ते काय, एका दिवसाच्या चालीवर!

त्या देहूत तुकोबांचे घराणे व्यापारउदीम करणारे होते. गावची महाजनकी घरात, विठोबाची पूजा कुळात. तुकोबा ऐन तारुण्यात होते. आईबाप आधीच गेलेले. दुष्काळात पैसा आटला, पत गेली, व्यापार बुडाला, आणि थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून तडफडत मेली. लहानगा संतूही गेला, असे परंपरा सांगते.

आता इथे जरा थांबू या. संतांची चरित्रे आपण बहुधा महीपतींच्या ग्रंथांवरून ऐकतो. महीपतींचा 'भक्तलीलामृत' हा ग्रंथ १७७४ सालचा, म्हणजे तुकोबांच्या मागून सव्वाशे वर्षांनी लिहिलेला. कुळांची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपल्याला त्या परंपरेतूनच मिळते. पण सुदैवाने तुकोबांचा एक आत्मचरित्रपर अभंग आपल्याजवळ आहे. संतमंडळींनी आग्रहाने विचारले, म्हणून त्यांनी त्यात आपली कथा सांगितली. हे बोलू नये, पण तुमचा शब्द मोडवत नाही, अशा संकोचाने ते सुरुवात करतात. आणि मग काय सांगतात? मी फार दुःखी झालो, हे सांगतात. बायको उपाशी मेली, हे सांगतात. आणि त्याच्याच पाठोपाठ सांगतात, की मला लाज वाटली.

ही लाज कशाची, याचा विचार करा. महाजनाच्या घरातली सून भुकेने मरते. चार लोकांत ज्या घराला मान, त्याच घरच्या चुलीवर काही शिजत नाही. अशी गोष्ट माणूस सात पडद्यांआड ठेवील. दैवावर ढकलील, बादशहावर ढकलील. तुकोबांनी ती स्वतःच्या तोंडाने, आपल्या नावासकट सांगितली. दुःखाला दुःख म्हटले, लाजेला लाज म्हटले.

योगायोग बघा. याच दुष्काळात शहाजहान बादशहा बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. तिथेच १६३१ च्या जूनमध्ये त्याची बेगम मुमताज महल बाळंतपणात वारली. बादशहाने पुढे दोन वर्षे गाणेबजावणे आणि भरजरी पोशाख वर्ज्य केले, त्याची दाढी पांढरी झाली, असे दरबारी इतिहासकार लिहितात. बादशहाचा शोक कुणी दुबळेपणा मानला नाही. त्याची आठवण म्हणून ताजमहाल उभा राहिला. देहूच्या वाण्याजवळ खजिना नव्हता, पण त्यानेही आपल्या दुःखाला काम दिले. गावातले देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते त्याने नीट केले.

तुकोबांचा पुढचा क्रम तर शिकण्यासारखा आहे. एकादशीला कीर्तन करू लागले, पण सुरुवातीला मन लागत नव्हते, हे ते लपवीत नाहीत. मग आधीच्या संतांची वचने पाठ केली. दुसरा कुणी गात असला की त्याच्यामागे उभे राहून ध्रुपद धरले. म्हणजे काय झाले? हातांना काम मिळाले, दुःख सांगायला शब्द मिळाले, आणि उभे राहायला चार माणसांची संगत मिळाली. कविता त्यानंतर आली. पुढे लोकांनी विरोध केला, वह्या बुडवाव्या लागल्या, तेव्हाही मन दुखावले असे ते सरळ म्हणतात. त्यांच्या गाथेत आनंद आहे तसा विठ्ठलावरचा राग आहे, भीती आहे, निराशाही आहे. त्यातले काही वगळून गाथा शिल्लक राहील का? मला नाही वाटत.

आणि त्यांची धाकटी बायको जिजाई, जिला लोक आवली म्हणतात? कीर्तनकारांनी तिला कजाग ठरवले आणि श्रोत्यांना हसवले. पण घरात लेकरे उपाशी, नवरा डोंगरावर. अशा बाईने रागवायचे नाही तर काय करायचे? तीच बाई भाकरी घेऊन डोंगर चढत होती, असेही परंपरा सांगते. तिचा राग हा संसार बुडू नये म्हणून मारलेली हाक होती.

आपल्याकडे वारकरी परंपरेने अनुताप हा शब्द फार आदराने वापरला आहे. मन पोळल्यावाचून निवळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. अलीकडच्या शास्त्रालाही असेच काहीसे आढळले. अमेरिकेत पेनेबेकर आणि बील या दोघांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिकच वाईट वाटले. परंतु प्रसंग आणि त्या वेळच्या भावना या दोन्हींविषयी ज्यांनी लिहिले, त्यांना पुढल्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. आधी दुखते, मग उतार पडतो. गळू फुटताना होते तसेच.

याचा अर्थ दुष्काळ चांगला, किंवा उपासमारीने संत घडतात, असा कुणी काढू नये. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यांची गाथा कुणी लिहिली नाही. दुःख मुद्दाम ओढवून घेण्याची वस्तू नाही. पण आलेच, तर ते काय सांगते आहे ते ऐकले पाहिजे. भीती सांगते, जप. राग सांगते, इथे अन्याय आहे. शोक सांगतो, हे माणूस तुला प्रिय होते. लाज सांगते, तुला अजून चाड आहे.

आजही पाऊस दगा देतो, कर्ज थकते, आणि कर्ता माणूस ती लाज पोटात ठेवून गप्प होतो. ही गप्प लाज फार घातकी. गावात असा कुणी दिसला तर त्याला उपदेश करू नका; शेजारी बसा आणि त्याला बोलू द्या. बोलायला जवळचे कुणी नसेल, तर सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करायला पैसे पडत नाहीत.

आणि गुरुजी, आपल्याला एवढेच सांगणे. वर्गात एखादे पोर रडले, तर "रडू नको" म्हणण्याआधी "काय झाले बाळ?" एवढे विचारा. तुकोबांनाही संतांनी विचारले, म्हणूनच ते बोलले.