पद्मपाणीची पकड

हाताचे चित्र काढणे अवघड. त्या हाताने काही धरले आहे असे दाखवणे त्याहून अवघड. बोटे नुसती वळवली तर मूठ होते आणि वस्तू तिच्यावर चिकटवल्यासारखी दिसते. पकड दाखवायची म्हणजे वस्तूचे वजन बोटांच्या वाकण्यातून सांगायचे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचा उजवा हात या दृष्टीने पाहावा. हे लेणे सामान्यतः पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात ठेवले जाते. हातात नीलकमळ आहे. फुलाला बळ लागत नाही, म्हणून बोटांत ताण नाही. शिरा नाहीत, उठलेली हाडे नाहीत. वाहत्या रेषेवरच सारी भिस्त आहे. येथील चित्रकार मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देत, गेरूने रेखाटन करीत, मग रंग भरीत आणि शेवटी गडद रेषेने आकार पक्का करीत. म्हणजे बोटाचे वळण दोनदा ठरत असे.

ही रेषा आली कुठून? विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मार्कंडेय वज्र राजाला सांगतो की, नृत्यशास्त्र जाणल्यावाचून चित्र कळणे कठीण. नर्तकीच्या कटकामुख हस्तात फूल नसतेच, तरी ते वेचलेले दिसते. पकडीसाठी वस्तूपेक्षा बोटांची ठेवण महत्त्वाची, हा धडा रंगभूमीवरून भिंतीवर येणे स्वाभाविक होते.

1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी या भिंतींसमोर बसले. स्कूलमध्ये त्यांचा हात प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, छायाप्रकाश आणि शरीररचना पाहत घडला होता. अजिंठ्यात त्यांना छायेपेक्षा रेषेच्या मागे जावे लागले. हे काम 1885 पर्यंत चालले. त्याच वर्षी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यातल्या अनेक प्रती जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला, म्हणून त्या श्रमांचा काही भाग तरी हाती राहिला.

नक्कल करणाऱ्यांनी चित्रे नीट दिसावीत म्हणून वापरलेल्या वार्निशने मूळ रंगांना मात्र इजा झाली. ज्या हातांनी चित्रे वाचवली, त्यांनीच ती काही अंशी झाकली.

आज जिथे गिलावा गळून पडला आहे, तिथे प्रत हाच पुरावा उरतो. पण प्रतही एका हाताने, एका शिकवणीतून काढलेली असते. म्हणून मूळ अजून शाबूत असलेल्या जागी प्रत त्याच्याशेजारी ठेवून आधी चेहरा नव्हे, बोटे पाहावीत. सांध्यांवर छाया दाटली असेल, तर तिथे स्कूल बोलते. रेषा न थांबता देठापर्यंत गेली असेल, तर अजिंठा. हरवलेल्या चित्रांच्या प्रतींवर कितपत विसंबावे, याचा अंदाज त्या बोटांवरून येऊ शकतो.