म्युनिकच्या रेकॉर्डवर बेळगावचा आवाज

लातूरला माझा भाचा जे संगीत ऐकतो त्याला 'स्टोनर रॉक' म्हणतात. संथ चाल, खालच्या सुरात लावलेली घरघरती गिटार आणि दहा-पंधरा मिनिटांचे एकेक गाणे. नव्वदीच्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात हा प्रकार रुजला. जर्मनीत म्युनिकच्या 'कलर हेझ' या बँडने १९९४पासून तो चालवला. भाच्याने सरळ विचारले, "मामा, तुम्ही ठुमरी-दादऱ्यावर एवढं लिहिता, यात आपल्या लोकांचं काही आहे का?" कलर हेझमध्ये मला काही सापडले नाही. पण त्याच शहरात पाव शतक आधी निघालेल्या एका बँडमध्ये सापडले.

त्या बँडचे नाव एम्ब्रियो. ड्रम आणि व्हायब्राफोन वाजवणारा क्रिस्टियान बुर्कार्ड आणि सॅक्सोफोन-व्हायोलिन वाजवणारा एडगर होफमान यांनी १९६९ साली तो सुरू केला. 'ओपल' ही त्यांची पहिली रेकॉर्ड १९७०ची. त्या काळच्या जर्मन रॉकला इंग्रजी वृत्तपत्रांनी 'क्राउटरॉक' असे नाव ठेवले. कोबी खाणारे म्हणून जर्मनांना चिडवायचा हा शब्द. (चिडवायला ठेवलेले नावच पुढे आडनाव होते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.) महायुद्धानंतर वाढलेल्या या पोरांना अमेरिकन गाण्यांची नक्कल करायची नव्हती आणि वडिलांच्या पिढीचे संगीतही नको होते. मग बाहेर पाहायचे ते कुठे? एम्ब्रियोने १९७२ साली उत्तर आफ्रिका गाठली. पुढे नादस्वरम शिकलेला अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो त्यांच्यात मिसळला, आणि भारताची वाट उघडली.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. मोठ्या कंपन्यांना कंटाळून १९७६ साली त्यांनी इतर काही बँडबरोबर 'एप्रिल' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, वादकांच्याच मालकीची. नावावरून वाद झाल्यावर तिचे नाव 'श्नेबाल', म्हणजे बर्फाचा गोळा, असे झाले. १९७७ साली एम्ब्रियोची 'अपो-कॅलिप्सो' ही रेकॉर्ड निघाली. तीत तबला आणि तालवाद्यांवर मुंबईचा पंचविशीतला त्रिलोक गुर्टू आहे, आणि गायला आहेत शोभा गुर्टू.

परदेशी लेखनात या रेकॉर्डचा उल्लेख येतो तेव्हा शोभाताईंची ओळख बहुधा 'त्रिलोकची आई' एवढीच दिली जाते. उलट, मराठीत त्यांच्यावर जे लेख मी वाचले, त्यांत 'पाकीजा' आहे, 'मैं तुलसी तेरे आंगन की' आहे, पण या रेकॉर्डचे नाव नाही. एका बाजूला नाव आहे पण बाई नाही, दुसऱ्या बाजूला बाई आहे पण काम नाही. हे मला खटकते.

कारण ही बाई कुणाची तरी आई म्हणून स्टुडिओत गेलेली नव्हती. १९२५ साली बेळगावात जन्मलेल्या भानुमती शिरोडकर त्या. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावच्या पोलीस खात्यात मोठे अधिकारी, पण सतारीचे जाणकार. ठुमरीची तालीम शोभाताईंना घम्मन खाँकडून मिळाली. रेकॉर्ड निघाली तेव्हा त्या ५२ वर्षांच्या होत्या आणि ठुमरी-दादरा-कजरीत त्यांचे नाव पक्के झालेले होते.

हे जुळले कसे, याचे माझे उत्तर असे. ठुमरीत शब्द थोडे असतात. एकच ओळ गायिका दहा वाटांनी वळवते, तिला बोल-बनाव म्हणतात, आणि खाली चौदा मात्रांची दीपचंदी किंवा सहा मात्रांचा दादरा न हलता फिरत राहतो. या जर्मन मंडळींचा ओढाही तसाच होता. बेस गिटारचा एक तुकडा धरून ठेवायचा आणि त्यावर बाकीच्यांनी हिंडायचे. बुर्कार्डला तर सरळ चार मात्रांपेक्षा पाच-सातचे हिशेब अधिक आवडत. राग आणि रॉक एकत्र आले वगैरे म्हणणे मला भोंगळ वाटते. इथे एकत्र आली ती आवर्तनाची सवय.

१९७८-७९मध्ये हा बँड बसने इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करत भारतात आला. काबूलला तिथल्या वादकांबरोबर आणि बंगळुरूला रामामणी व टी. ए. एस. मणी यांच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनबरोबर त्यांनी वाजवले. या प्रवासावर वेर्नर पेन्झेलचा 'वागाबुंडेन काराव्हाने' हा माहितीपट आहे. त्यानंतर तो रस्ताच बंद झाला. इराणात क्रांती झाली आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या.

त्रिलोक पुढे हॅम्बुर्गला राहिला, जॉन मॅक्लॉक्लिनबरोबर जगभर वाजवत फिरला. १९८८च्या 'उस्फ्रेत' या त्याच्या पहिल्या स्वतंत्र रेकॉर्डवर शोभाताई पुन्हा गायल्या. म्हणजे अपो-कॅलिप्सो हा एक दिवसाचा पाहुणचार नव्हता. २००२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २००४च्या सप्टेंबरात त्या गेल्या. बुर्कार्ड २०१८च्या जानेवारीत गेला. एम्ब्रियो मात्र अजून वाजतो आहे, आणि तो आता बुर्कार्डची मुलगी मार्या चालवते.