थकल्या मज्जातंतूंचा मागोवा

डोकं दुखतं, झोप लागत नाही, जरा काम केलं की गळून जायला होतं आणि तपासणीत काहीच सापडत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ साली अशा दुखण्याला न्यूरॅस्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, हे नाव रूढ केलं. पुढे १८८१च्या पुस्तकात त्यांनी कारणंही दिली: वाफेची यंत्रं, वर्तमानपत्रं, तारायंत्र, विज्ञान आणि स्त्रियांचं बौद्धिक काम! एडिसनच्या दिव्यांचा दाखला देऊन ते म्हणत, मज्जासंस्थेची शक्ती मोजकीच असते. दिवे वाढवत गेलं की सगळेच मंदावणार. हा आजार म्हणजे सुधारलेपणाची किंमत, बुद्धिजीवींचं दुखणं. त्यामुळे कुणी रुग्णाला वेडं म्हणत नसे.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र वेगळं आलं. फिलाडेल्फियाचे डॉ. वेअर मिचेल त्यांना कित्येक आठवडे अंथरुणात ठेवत. दूध, मालीश, माणसांची भेट बंद. लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन १८८७ साली त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा पुन्हा लेखणीला हात लावू नका असा सल्ला मिळाला. तो पाळताना भ्रमिष्ट होण्याची वेळ आली, असं त्यांनीच पुढे लिहिलं. १८९२ साली छापून आलेली त्यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा याच अनुभवातून आली. बाईच्या बुद्धीबद्दलचं समाजाचं मत इथे औषधाच्या चिठ्ठीवर उतरलं होतं.

पाश्चात्य देशांत हे नाव हळूहळू मागे पडलं. चीनमध्ये ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचलं आणि ‘शेनजिंग श्वायरुओ’ म्हणून घट्ट रुजलं. त्यामागे राजकारणही होतं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) मानसशास्त्र भांडवलदारी ठरलं. ‘मला जगण्यात अर्थ वाटत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या निष्ठेवरच संशय यायचा. डोकेदुखीवर कोण संशय घेणार?

१९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नव्या वर्गीकरणातून न्यूरॅस्थेनिया बाद झाला. त्याच वर्षी अमेरिकेतलेच मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधल्या चांगशाच्या हुनान मेडिकल कॉलेजात याच निदानाचे १०० रुग्ण तपासले. अमेरिकी निकषांवर त्यांतल्या ८७ जणांना तीव्र नैराश्य होतं. चिनी डॉक्टरांचं निदान चुकलं, असं म्हणून त्यांना परतता आलं असतं. पण त्यांनी रुग्णांना बोलू दिलं. डोकेदुखीच्या मागून क्रांतीतली मानहानी, घरच्यांची ताटातूट, लादलेली नोकरी असं एकेक बाहेर आलं. नैराश्याच्या औषधांनी अनेकांची लक्षणं कमी झाली. तरी ज्यांचे घरचे आणि कामावरचे प्रश्न तसेच राहिले, त्यांचं आजारपण सुटलं नाही.

म्हणून मला ते चिनी निदान खोटं वाटत नाही. उघड बोलायची सोय नसलेल्या माणसांना त्याने दवाखान्यात जायची, विश्रांती मागायची वाट दिली. मात्र ज्याने त्यांना मोडलं, ते त्या नावाआड झाकलंही गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या यादीतही न्यूरॅस्थेनिया आता स्वतंत्र आजार नाही. आपल्याकडच्या दवाखान्यांत मात्र ‘डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही’ असं सांगत माणसं रोज येतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून टॉनिक लिहून त्यांना वाटेला लावू नका. घरी काय चाललंय, ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.