गृहतपासणी

घर विकत घेण्यापूर्वी किंवा त्याचा ताबा घेताना बांधकाम, नळजोडणी, वीजव्यवस्था आणि मोजमापे यांची जाणकाराकडून करून घेतलेली पाहणी. अमेरिकेत गृहनिरीक्षकांची संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली आणि तेथील अनेक राज्यांत या कामाला परवाना लागतो. महाराष्ट्रात अशी तपासणी सक्तीची नाही. खरेदीदार वकिलाकडून शोध अहवाल घेतो, भोगवटा प्रमाणपत्र पाहतो आणि बँकेचा माणूस येऊन गेला की निर्धास्त होतो. वास्तविक बँकेचे मूल्यांकन तारणापुरते असते; न्हाणीघराची गळती शोधणे हे त्याचे कामच नव्हे.

नव्या सदनिकेबाबत कायदा खरेदीदाराच्या बाजूने आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ (रेरा), कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील वा कारागिरीतील दोष दाखवून दिल्यास विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. त्यामुळे दोषांची यादी लेखी देऊन तिची पोच घेणे महत्त्वाचे. याच कायद्यानुसार चटई क्षेत्र मोजताना आतल्या विभाजक भिंती धरतात. बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरत नाहीत.

प्रत्यक्ष तपासणी साध्या हत्यारांनी होते. फरशीवर टकटक केल्यास खाली माल नीट न भरलेली फरशी पोकळ वाजते. ओळंबा व गुण्या लावून भिंती पाहतात. न्हाणीघराची जाळी बंद करून पाणी तुंबवतात आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचे छत बघतात. यासाठी खालच्या शेजाऱ्याची मर्जी लागते. मग जाळी उघडून पाणी कोपऱ्यात साचते का, हे पाहिले की उतार कळतो. प्रत्येक प्लगचे अर्थिंग तपासावे.

जुन्या घरात रंगाचा ताजा हात संशयास्पद मानावा, विशेषतः तो छताच्या एखाद्याच कोपऱ्यात असेल तर. भिंतीला लागलेला लोणा मुरलेली ओल सांगतो. गज गंजला की फुगतो आणि वरचे काँक्रीट फोडतो. स्लॅबचे पोपडे सुटतात ते त्यामुळे. कोकणपट्टीत पाहणी पावसाळ्यातच करावी, उन्हाळ्यात सगळीच घरे कोरडी दिसतात.

तथापि एकट्या सदनिकेवरून इमारतीची प्रकृती कळत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी अपेक्षित आहे. मुंबईत परीक्षणानंतर इमारतीचे सी-१, सी-२अ, सी-२ब वा सी-३ असे वर्गीकरण होते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. हा अहवाल सोसायटीच्या कार्यालयातून मागून घ्यावा, जोडीला सर्वसाधारण सभांची इतिवृत्तेही वाचावीत. मोठी दुरुस्ती मंजूर झालेली असल्यास तिची वर्गणी विकणाऱ्याने भरायची की घेणाऱ्याने, हे करारातच लिहून घेतात.